एदामामे : जपानी डहाळ्यांचा धंदा

थंडी पडू लागली की पुण्यात मंडईच्या आसपास हातगाड्यांवर हरभऱ्याचे डहाळे दिसू लागतात. घाटे झाडासकट असले म्हणजे माल ताजा, हे गिऱ्हाईक बरोबर ओळखते. जपानमध्ये हिरव्या सोयाबीनच्या शेंगांना नाव पडले तेही असेच. ‘एदा’ म्हणजे फांदी आणि ‘मामे’ म्हणजे शेंगेतला दाणा. फांदीसकट विकला जाणारा दाणा तो ‘एदामामे’. तेराव्या शतकातील निचिरेन या बौद्ध भिक्षूच्या पत्रात या शेंगांचा उल्लेख आहे. चीनमध्ये त्यांना ‘माओदोउ’ म्हणजे केसाळ दाणा म्हणतात, कारण शेंगेवर लव असते.

आपल्याकडे सोयाबीन विकले जाते ते वाळवून, तेलासाठी. २०२५-२६ चा त्याचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. हिरवी शेंग मात्र भाजी म्हणून विकता येते. दाणा पूर्ण भरला, पण शेंग पिवळी पडली नाही, तेवढ्या थोड्या दिवसांतच ती तोडावी लागते.

वाणाकडे लक्ष द्यावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस १४०७’ हा वाण भरघोस उत्पन्नाचा आहे, पण तो वाळलेल्या दाण्यासाठी. भाजीसाठी मोठ्या व गोडसर दाण्याचे वेगळे वाण असतात. रांचीच्या कृषी संशोधन केंद्राचा ‘स्वर्ण वसुंधरा’ हा त्यांपैकी एक.

विक्रेत्यांनी काय पाहावे?

शेंगेचे साधारण निम्मे वजन टरफलाचे असते. भाव ठरवताना हा हिशेब धरावा. शेवटची फवारणी केव्हा झाली, हे शेतकऱ्याला जरूर विचारावे. तोडल्यानंतर तासागणिक गोडी उतरते, म्हणून सकाळचा माल संध्याकाळपर्यंत संपवावा. उरलाच तर उकळत्या पाण्यातून काढून, थंड करून फ्रीझरमध्ये ठेवावा.

खाण्याची रीत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारखीच. मिठाच्या पाण्यात पाचेक मिनिटे उकळायचे, दाणे खायचे, टरफल टाकायचे. शंभर ग्रॅम शिजलेल्या दाण्यांत ११ ते १२ ग्रॅम प्रथिने असतात. कच्चे दाणे पचायला बाधतात, हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगावे. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांनी त्या खाऊच नयेत.

गिऱ्हाईक नवे आहे, माल नाशवंत आहे. तेव्हा पहिल्या हंगामात चार जुड्याच आणाव्यात, एक गाडीवरच उकडून चाखायला द्यावी आणि मागणी पाहूनच पुढचे भांडवल गुंतवावे.