फायली गेल्या नाहीत, नोंद बिघडलीय!



व्हायरस काढला, अँटीव्हायरसनं सगळं साफ दाखवलं, आणि आता काहीच उघडेना. पीडीएफवर क्लिक करा की एक्सेलवर, कॉम्प्युटर उलट आपल्यालाच विचारतो, ही फाइल कशानं उघडू? बोटुकलीचा हिशोब, सभासदांची यादी, तलावाच्या ठेक्याचे कागद, नावेची बिलं, सगळं त्याच डब्यात. तिगावहून तो उचलून पांढुर्ण्याला नेला की बहुतेक एकच उत्तर मिळतं: फॉरमॅट मारा. दुकानदाराला लवकर मोकळं व्हायचं असतं, पण हिशोब आपला जातो ना!

झालेलं काय असतं ते बघा. विंडोजमध्ये रजिस्ट्री नावाची नोंदवही असते. फाइलच्या नावाचं शेपूट बघून ती कोणाकडे पाठवायची, हे त्यात लिहिलेलं असतं. काही व्हायरस या वहीत स्वतःला मधला दलाल म्हणून घुसवतात. २००१ साली ई-मेलनं जगभर पसरलेल्या सरकॅमनं हेच केलं होतं. कोणताही प्रोग्राम सुरू करा, आधी तो जागा व्हायचा. आता अँटीव्हायरसनं दलालाला हाकललं, पण वहीत अजून त्याचंच नाव. मग माल अडतो. पण माल जागेवरच आहे!

म्हणून पहिलं काम, फायली पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या. उघडत नसली तरी फाइल कॉपी होते.

फक्त पीडीएफ किंवा एक्सेल अडलं असेल तर सोपं आहे. फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, योग्य प्रोग्राम निवडा आणि 'नेहमी' वर खूण करा. पण ईएक्सई फाइल किंवा डेस्कटॉपच्या शॉर्टकटला हा उपाय करू नका. घाईत नोटपॅड निवडलं की सगळेच प्रोग्राम नोटपॅडमध्ये उघडायला लागतात, आणि गुंता आणखी वाढतो.

ईएक्सईच चालत नसतील तर आधी दुसऱ्या युजरनं लॉगिन करून बघा. तिथं सगळं चालत असेल तर बिघाड एका खात्यापुरताच आहे. तिथंही अडलं, तर सिस्टम रिस्टोअरनं त्रासाच्या आधीची तारीख निवडा. नोंदवही मागे जाते, तुमच्या कागदांना हात लागत नाही. मधल्या काळात टाकलेले प्रोग्राम मात्र निघून जातात. नंतर पुन्हा एकदा स्कॅन करा. तेही जमलं नाही तर जाणकाराला सांगा, सेफ मोडमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ईएक्सईची नोंद मूळच्यासारखी करून द्या. त्याला तेवढ्यात कळेल.

एक गोष्ट मात्र वेगळी. फायलींच्या नावांना अनोळखी शेपूट लागलं असेल आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसत असेल, तर ते रॅन्समवेअर. तिथं फाइलच कुलूपबंद झालेली असते, नोंद सुधारून उघडत नाही. कॉम्प्युटरचं इंटरनेट लगेच तोडा, पेनड्राइव्ह लावू नका आणि १९३० वर फोन करा.