जुनं इंजिन ओळखताना (भाग 4) : बोनेटवर जाऊ नका, हेड बघा

मागच्या भागात आपण ब्लॉक पाहिला. आज त्यावर बसणारं हेड.

बीडजवळच्या नारायणगडाला आषाढीच्या गर्दीत एखादी जुनी जीप उभी दिसली, की जाणकार म्हणवणारा माणूस उंच बोनेट बघून सांगून मोकळा होतो, ‘थ्री-बी!’ असेलही. विलिजने 1953 साली उंच इंजिन मावावं म्हणूनच बोनेट वर घेतलं, आणि ती सीजे-थ्री-बी पुढे महिंद्राने इथे वर्षानुवर्षं बनवली. पण पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवून घेतलेल्या जीपा थोड्या नाहीत. बोनेट उघडल्याशिवाय पैज लावू नये.

युद्धकाळातल्या विलिजचं इंजिन ‘गो-डेव्हिल’. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला. हेडमध्ये हलणारं काहीच नाही, म्हणून ते पोळपाटासारखं सपाट. प्लग वरून उभे घातलेले आणि कार्बोरेटर बाजूच्या मॅनिफोल्डवर. नंतर आलेल्या ‘हरिकेन’मध्ये इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला, एक्झॉस्ट मात्र ब्लॉकमध्येच राहिला. वर रॉकरचं झाकण आलं, प्लग बाजूने तिरके झाले आणि इनटेक मॅनिफोल्ड हेडच्याच ओतकामात सामावला. कार्बोरेटर थेट हेडवर बसलेला दिसला, तर हरिकेन समजा. बोअर-स्ट्रोक दोन्हींचे सारखेच, 2.2 लिटरचे. तरी ताकद 60 अश्वशक्तीवरून 70च्या पुढे गेली, कारण मोठ्या इनटेक व्हॉल्व्हमधून इंजिनला श्वास मोकळा घेता आला. भरल्या जीपने घाट चढताना हा फरक ड्रायव्हरच्या पायाला कळतो.

मिस्त्रीला विचारायचं असेल तर टॅपेटचं विचारा. गो-डेव्हिलला सगळे टॅपेट बाजूचं झाकण काढून लावतात. हरिकेनला इनटेकचे वरून, एक्झॉस्टचे बाजूने. दोन ठिकाणी फीलर गेज घालावा लागतो, म्हणून कंटाळलेला मिस्त्री खालचे टॅपेट तसेच सोडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो तो बऱ्याचदा याच आळसापायी.

अमेरिकेत जुन्या व्ही-एट गाड्यांचे शौकीन हेडच्या ओतीव नंबरावर जीव टाकतात. शेवर्लेच्या एका प्रसिद्ध हेडच्या टोकाला उंटाच्या दोन मदारींसारखी खूण असते, आणि नंबराच्या शेवटी 461 असले तर भाव चढतो. पण त्याच ओतकामात 1.94 इंची व्हॉल्व्हही येई आणि 2.02 इंचीही. नंबर फक्त साचा सांगतो, आतला व्हॉल्व्ह मोजावाच लागतो.

आपल्याकडे मोजण्याचं कारण वेगळं. गरम होऊन वाकलेलं हेड प्लेन करून घेतात, कधी दोनदा, कधी तीनदा. सपाट हेडच्या गाडीत हे फार झालं, तर ब्लॉकमधून वर उठणारा व्हॉल्व्ह हेडच्या छताला टेकू लागतो. त्यामुळे सुटं हेड विकत घेताना त्याची जाडी व्हर्नियरने मोजा, आणि शक्य असेल तर त्याच जातीचं न प्लेन केलेलं दुसरं हेड शेजारी ठेवून ताडून बघा.

आणि बोनेट उघडल्यावर प्लगच्या वायरी, कार्बोरेटर काहीच दिसलं नाही, हेडकडे जाणाऱ्या बारीक लोखंडी नळ्या दिसल्या, तर डिझेल. त्या नळ्यांपासून पुढच्या आठवड्यात सुरुवात करू.