पिशवी काढली, पण तपासली का?

गोदावरीच्या अलीकडे अंबड तालुक्यातली अंतरवाली सराटी, पलीकडे बीड जिल्हा. बीडमधल्या ऊसतोड महिलांची पाहणी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने केली. सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ असं त्यांतल्या अनेकींना सांगितलं गेलं होतं. कॅन्सरच्या नावाने एवढी ऑपरेशनं होतात, मग खरा कॅन्सर तरी वेळेत ओळखला जायला हवा.

तो कधी कधी दोन जागी एकदमच सापडतो. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या शंभरात साधारण पाच जणींच्या अंडाशयातही त्याच वेळी गाठ असते. यातल्या बऱ्याच जणी पन्नाशीच्या आतल्या, पाळी चालू असलेल्या असतात.

हे दोन वेगळे कॅन्सर, की एकाच ठिकाणचा दुसरीकडे पसरलेला? पॅथॉलॉजिस्ट वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली याचं उत्तर शोधत होते. 2016 मध्ये दोन संशोधनांत गाठींची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा बहुतेक जोड्यांचं मूळ एकच निघालं. एरवी अंडाशयात पोचलेला कॅन्सर म्हणजे तिसरी पायरी. पण या बायका त्या मानाने फार चांगल्या बऱ्या होतात. म्हणून ‘फिगो’ या जागतिक संघटनेने 2023 मध्ये मंद वाढणाऱ्या, एकाच अंडाशयापुरत्या आणि गर्भाशयाच्या स्नायूत खोल न शिरलेल्या अशा गाठींना पहिल्याच पायरीत जागा दिली. अनेकींची केमो त्यामुळे टळू शकते.

मात्र हा निवाडा काढलेला अवयव नीट तपासला तरच होतो. न तपासता पिशवी टाकून देणं हा त्या बाईवरचा अन्यायच आहे. त्याच पिशवीच्या तुकड्यावर चार प्रथिनांची तपासणी केली, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाचा सुगावा लागतो. मग आतड्याच्या कॅन्सरपासून तिच्या भावंडांना आणि लेकरांनाही वेळीच सावध करता येतं.

पाळी गेल्यावर थोडंही रक्त गेलं, तर दुखणं अंगावर काढू नका. आधी सोनोग्राफी आणि अस्तराच्या तुकड्याची तपासणी करून घ्या. संशय आला तर अंतरवालीच्या बायकांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आणि ऑपरेशन झालंच, तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या, जपून ठेवा.