मांजराचा जमाखर्च

घरांत कुत्रा आणावयाचा ठरला म्हणजे त्याच्या खाण्याचा, फिरवून आणण्याचा, औषधपाण्याचा विचार होतो. मांजराच्या बाबतींत असा हिशेब बहुधा कोणी मांडीत नाहीं. जिन्याखालीं जन्मलेलें पिलूं मुलें उचलून आणतात, आई बशीभर दूध पुढें ठेवते, आणि मांजर घरचें होऊन जातें. त्याला लागतें काय? दूधभात खाईल आणि उंदीर धरील! डोळे मिटून दूध पिण्याची म्हण आपण मांजरावर रचिली खरी. पण त्याच्या खर्चाकडे पाहतांना डोळे मिटतों ते आपणच. तो हिशेब आज डोळे उघडून मांडावा, असा माझा विचार आहे.

जुन्या वाड्यांच्या काळीं वरील समज अगदींच खोटा नव्हता. कोठींत उंदीर, परसांत पाखरें, कोळणीच्या पाटीपाशीं मासळीचीं डोकीं. आपलें पोट मांजर बव्हंशीं स्वतःच भरीत असे. घरचा दूधभात हें त्याचें वरचें खाणें होय. पांचव्या मजल्यावरील बंद बिऱ्हाडांत मात्र हा व्यवहार संपतो. तेथें उंदीर नाहीं, माती नाहीं, चढावयास झाड नाहीं. पूर्वीं परसाकडून मांजरास जें जें फुकट मिळत असे, तें सर्व आतां यजमानाच्या खात्यावर पडतें. एवढें ध्यानांत घेतलें कीं पुढचा हिशेब आपोआप उलगडतो.

प्रथम अन्नाचा विचार करूं. मांजर हा सर्वस्वीं मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नांवाचें एक द्रव्य त्याच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं. तें त्यास मांस-मासळींतून मिळवावें लागतें. तें न मिळाल्यास दृष्टि हळूहळू जाते आणि हृदयाचे स्नायू दुबळे पडतात. टॉरीनच्या अभावाचा व हृदयविकाराचा हा संबंध १९८७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिला, आणि त्यानंतर तयार खाद्यांत त्याचें प्रमाण वाढविण्यांत आलें. दुधाची गोष्टही अशीच. वाढलेल्या पुष्कळ मांजरांस दुधांतील साखर पचत नाहीं व जुलाब होतात. शाकाहारी कुटुंबांस हें ऐकून अवघड वाटेल. परंतु केवळ दूधभातावर मांजर सुखानें जगत आहे असें जेथें दिसतें, तेथें तें शेजारीं तरी जेवून येत असतें, किंवा आंतून खंगत तरी असतें. ज्या घरीं मांस शिजत नाहीं त्यांनीं तयार खाद्याचा खर्च आरंभापासूनच धरावा.

भाव गांवोगांव निराळे, म्हणून मी रुपये न सांगतां मापें सांगतों. ४ किलो वजनाच्या मांजरास दिवसास सुमारें २०० ते २५० कॅलरी लागतात. कोरडें खाद्य दिल्यास तें ५० ते ६० ग्रॅम, म्हणजे वर्षास २० किलोंच्या आसपास होतें. आपल्या गांवच्या भावानें यास गुणावें.

दुसरी बाब मातीची. पूर्वीं राख किंवा वाळू पेटींत घालीत. १९४७ सालीं अमेरिकेंत मिशिगन प्रांतीं एडवर्ड लो या गृहस्थानें, वाळू मागावयास आलेल्या शेजारणीस, सांडलेलें तेल टिपणारी कोरडी माती दिली. ती आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची. त्यांतून एक मोठा व्यापार उभा राहिला. आज शहरांतील घराला ही माती दरमहा विकत घ्यावी लागते, आणि हा खर्च खाद्याच्या खालोखाल येतो.

तिसरी बाब रोग टाळण्याची. पिलूं दीड-दोन महिन्यांचें झालें कीं लसींचा क्रम सुरू करावा; पुढें रेबीजची लस, आणि वैद्य सांगेल त्याप्रमाणें पुन्हां. जंताचें औषधही वेळोवेळीं द्यावें. मादी पांच-सहा महिन्यांतच वयांत येते, गर्भकाळ सुमारें ६३ दिवसांचा, आणि वर्षांत दोन-तीन वेतें होऊं शकतात. म्हणून शस्त्रक्रियेचा एकवारचा खर्च जो टाळतो, तो पुढें चार-चार पिलांचा खर्च पदरांत घेतो. खिडक्यांना जाळीही याच सदरांत येते. मांजर नेहमीं पायांवर पडतें, हा भरंवसा पुरेसा नाहीं. न्यूयॉर्कमध्यें उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. उपचार मिळाल्यानें त्यांतील सुमारें ९० टक्के वांचलीं खरीं. तथापि बहुतेकांच्या छातीस इजा झालेली होती.

चौथी बाब अवचित आजारांची. बोक्याचें मूत्र अडलें, तो पेटींत वारंवार बसून उठूं लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. एक-दोन दिवसांत प्राण जातो. घरच्या औषधांनीं तर घात होतो. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊं शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरील पर्मेथ्रिनही तसेंच विषारी. मुंबईस परळ येथें १८८६ पासून पशुवैद्यकाचें महाविद्यालय आहे, आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळही त्याच भागांत आहे. आपल्या गांवीं असा वैद्य कोठें बसतो, रात्रीं कोण भेटतो, याची चौकशी मांजर धडधाकट असतांनाच करून ठेवावी, आणि दरमहा थोडी रक्कम याच कामासाठीं बाजूस टाकावी.

हा हिशेब मांडावयाचें कारण मांजर पाळूं नये हें नव्हे. नीट सांभाळलेलें मांजर १२ ते १५ वर्षें, कधीं त्याहूनही अधिक जगतें. आज पहिलींत जाणारी मुलगी महाविद्यालयांतून बाहेर पडेल तोंवर तें सोबत राहील. खर्च न धरतां आणलेल्या मांजराचा शेवट मात्र पुष्कळदां मासळीबाजाराच्या दारीं होतो. 'तेथें मिळेल त्याला खायला,' असें म्हणून लोक तें सोडून येतात. बशींतलें खाऊन वाढलेल्या त्या जिवास बाजारांतलीं दांडगीं मांजरें ठाऊक नसतात, रस्ता ठाऊक नसतो. ज्यांना वर्षाचा हा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं चाळींतल्या चार घरांनीं मिळून जिन्यांतल्या एका मांजरीची शस्त्रक्रिया व रेबीजची लस करवून घ्यावी. तेंही मांजर पाळण्याइतकेंच पुण्याचें काम आहे. आणि ज्यांना झेपतो, त्यांनीं पिलूं आणण्यापूर्वीं वहीचें एक पान त्याच्या नांवें खुशाल उघडावें.