खड्डा कोणाच्या फोनला कळतो?

शहर आणि यंत्र : भाग ७

अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने २०१२च्या सुमारास ‘स्ट्रीट बंप’ नावाचं एक ॲप आणलं. ॲप सुरू करून मोबाइल गाडीत ठेवायचा आणि आपल्या कामाला निघायचं. चाक खड्ड्यात आदळलं की फोनमधला सेन्सर तो हादरा टिपणार, जीपीएस जागा सांगणार आणि पालिकेला आपोआप वर्दी जाणार. अर्ज नको, हेलपाटे नकोत. सुरुवातीला ॲपला खड्डा आणि मॅनहोलचं झाकण यांतला फरक कळेना, पण ते दुखणं दुरुस्त होण्याजोगं होतं.

खरी गोम दुसरीकडे होती. त्या काळी गाडी आणि स्मार्टफोन, दोन्ही कोणाकडे होतं? प्रामुख्याने तरुणांकडे आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्यांकडे. म्हणजे पालिकेच्या नकाशावर सुखवस्तू भागातले खड्डे ठळक उमटणार आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या, गरिबांच्या वस्तीतले रस्ते जणू लोण्यासारखे दिसणार. बॉस्टनच्या अधिकाऱ्यांना याची जाण होती. म्हणून त्यांनी ॲप आधी पालिकेच्या रस्ते-निरीक्षकांच्या हाती दिलं, कारण त्यांच्या गाड्या सगळ्याच वस्त्यांमधून फिरत होत्या.

स्मार्ट शहराच्या सादरीकरणात नागरिक असतो तो बहुधा असा: खिशात फोन घेऊन हिंडणारा, माहिती पुरवणारा. त्याने खड्डा कळवावा, कचऱ्याचा फोटो टाकावा, सेवेला तारे द्यावेत. हे उपयोगी आहेच. पण यंत्र कुठे बसवायचं, कशासाठी आणि त्यातून निघणारी माहिती कोणाच्या ताब्यात, हे ठरतं तेव्हा हा नागरिक खोलीत असतो का? कॅनडातल्या टोरोंटोत लोक त्या खोलीचं दार ठोठावत राहिले.

ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथे मोठा गाजावाजा झाला. पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांच्या उपस्थितीत जाहीर झालं, की ओंटारिओ सरोवराच्या काठी ‘कीसाइड’ या १२ एकर जागेवर गूगलची भगिनी कंपनी ‘साइडवॉक लॅब्स’ भविष्यातली वस्ती उभारण्याची योजना आखेल. सरकारच्या बाजूने ‘वॉटरफ्रंट टोरोंटो’ ही सार्वजनिक संस्था होती. लाकडी बहुमजली इमारती, बर्फ वितळवणारे गरम पदपथ, जमिनीखालच्या बोगद्यांतून मालाची ने-आण करणारे रोबो, आणि जागोजाग सेन्सर. चित्रं देखणी होती, यात शंका नाही.

मग प्रश्न सुरू झाले. चौकातून नुसतं चालत जाणाऱ्या माणसाची संमती कशी घेणार? संकेतस्थळावर निदान ‘मान्य’चं बटण तरी असतं, पदपथावर ते कुठे दाबायचं? ओंटारिओच्या माजी माहिती-गोपनीयता आयुक्त ॲन कॅव्हूकियन या कंपनीच्या सल्लागार होत्या. व्यक्तीची ओळख माहिती गोळा होते त्याच क्षणी पुसली जावी, हा त्यांचा आग्रह. इतर कंपन्यांवर तशी सक्ती करता येणार नाही असं दिसताच ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तंत्रज्ञान क्षेत्रातच काम केलेल्या बियांका वायली लेख आणि सभांमधून एकच मुद्दा लावून धरत होत्या: शहराचे नियम लोकांनी निवडून दिलेल्यांनी करायचे, कंत्राटदाराने नव्हे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये वर्तमानपत्रातून बातमी फुटली. कंपनीची नजर १२ एकरांपलीकडच्या बंदर-जमिनीवर आणि तिथून मिळणाऱ्या मालमत्ता कराच्या वाट्यावरही होती. रहिवाशांनी ‘ब्लॉक साइडवॉक’ ही मोहीम उघडली. जूनमध्ये आलेला कंपनीचा आराखडा दीड हजाराहून अधिक पानांचा होता. लोकांनी तोही चाळून काढला, हे विशेष. (आपल्याकडे विकास आराखड्यावर हरकती नोंदवण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही या चिकाटीची किंमत कळेल.) ऑक्टोबर अखेर कंपनीला पुन्हा १२ एकरांवर यावं लागलं आणि माहितीच्या कारभारासाठी सुचवलेली स्वतंत्र ‘ट्रस्ट’ची कल्पनाही सोडावी लागली. ७ मे २०२० रोजी कंपनीने प्रकल्पच गुंडाळला. कारण दिलं ते कोरोनाकाळातल्या आर्थिक अनिश्चिततेचं, आणि ते खोटं मानायचं कारण नाही. पण तोवर प्रकल्पातली सर्वांत मोठी कमाईची वाट लोकांनीच बुजवली होती.

पुण्याची गोष्ट टोरोंटोच्या आधीची. जून २०१५ मध्ये केंद्राचं स्मार्ट सिटी अभियान सुरू झालं आणि जानेवारी २०१६च्या पहिल्या २० शहरांच्या यादीत पुणे भुवनेश्वरच्या पाठोपाठ दुसरं आलं. प्रस्ताव तयार होताना नागरिकांच्या सूचना मोठ्या प्रमाणावर मागवल्या गेल्या. अंमलबजावणी मात्र स्वतंत्र कंपनीकडे गेली. तिच्यामुळे पालिकेचे अधिकार कमी होणार का, यावर सभागृहात वादही झडला. गंमत अशी, की याच पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. बाक, पदपथ, दिवे, स्वच्छतागृह अशी ही साधी कामं. ना सेन्सर, ना डॅशबोर्ड. क्षेत्रीय कार्यालयात मिळणारा कागदी अर्ज.

मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ पुण्याचा कारभार प्रशासकाकडे राहिला. ॲपवर तक्रारीचा क्रमांक मिळत होता, पण ती का सुटली नाही हे सभागृहात उठून विचारणारा नगरसेवकच नव्हता. तक्रार यंत्राने नोंदवली तरी तिचा जाब माणसालाच मागावा लागतो, हे प्रभागातल्या लोकांना त्या काळात चांगलंच उमगलं.

अशा वेळी जुनं हत्यार हाताशी असतं. टोरोंटोचा आराखडा दीड हजार पानी होता. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि शुल्क १० रुपये. आपल्या चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण किती दिवस ठेवतात, ते पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, देखभालीचा करार कोणाशी आणि किती रकमेचा झाला आहे, एवढं त्यात सहज मावतं.