कधीच न भरणारी टाकी

आमच्या घरी पाहुणे आले की अब्बा दोन गोष्टी हमखास सांगत. एक म्हणजे परसातल्या विहिरीचं पाणी भर मे महिन्यातही आटत नाही. दुसरी म्हणजे संडासाची टाकी अशी बांधली आहे की ती आजवर एकदाही उपसावी लागलेली नाही. सोपाऱ्याच्या बाजूला, केळीच्या वाडीत आमचं जुनं कौलारू घर आहे. ही टाकी १९८३ सालची. त्याआधी घरातल्या बायकांना पहाटेच्या अंधारात शिंदीच्या झाडांमागे जावं लागे. फुफूचं लग्न ठरलं आणि आजीनं विचारलं, "वऱ्हाडातल्या बायकांना कुठे पाठवणार?" दुसऱ्या आठवड्यात अब्बांनी विटा आणल्या. तेव्हापासून ती टाकी आमच्या घरात इज्जतीची गोष्ट झाली.

अब्बा गेले, त्याला बरीच वर्षं झाली. टाकी मात्र हल्ली पावसाळ्यात त्रास देऊ लागली. जुलैत जोराचा पाऊस लागला की भांड्यातलं पाणी उतरेना. झाकणाच्या कडेने ओल आणि वास. पाऊस ओसरला की सगळं ठीक. घरात लगेच चार मतं झाली. पुतण्या म्हणाला, "काका, तोडा आणि नवी बांधा." आखातात असलेला धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "प्लास्टिकची तयार टाकी मिळते, एका दिवसात बसते." गवंडी म्हणाला, "आतून प्लास्टर मारू, दहा वर्षं बघायला नको." आणि मी म्हणालो, "अब्बांची टाकी आहे, राहू द्या."

मी मराठी घेऊन बी.ए. केलेला, कविता लिहिणारा माणूस. विहिरीवर माझ्या कविता आहेत. पण विहिरीपासून टाकी किती लांब असावी, हे पन्नाशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ते शोधताना जे कळलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून आज हा विषय घेतला.

सेप्टिक टँक म्हणजे मैला साठवायची कोठी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती कुजवण्याची टाकी आहे, आणि ‘सेप्टिक’ या शब्दाचा अर्थही तोच. फ्रान्समध्ये लुई मुरास या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात अशी बंद टाकी केली. पुढे १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचे अभियंता डोनाल्ड कॅमेरॉन यांनी तिला हे नाव दिलं. तिचं काम साधं आहे. आलेलं पाणी साधारण दिवसभर आत शांत उभं राहतं. जड ते तळाशी गाळ होऊन बसतं, तेलकट-हलकं ते वर सायीसारखं तरंगतं आणि मधलं पाणी पुढच्या तोंडातून बाहेर पडतं. तळाच्या गाळाला हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू खातात. पण सगळं खात नाहीत, उरतोच. म्हणून टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी शुद्ध नसतं. कावीळ, हगवण, विषमज्वर यांचे जंतू त्यात असू शकतात. ते पाणी पुढे शोषखड्ड्यात किंवा चरात मुरतं आणि कोरड्या, हवा खेळणाऱ्या मातीच्या थरातून झिरपताना गाळलं जातं. म्हणजे अर्धं काम टाकी करते आणि उरलेलं अर्धं माती करते.

हे वाचलं आणि मी अब्बांच्या त्या अभिमानाच्या वाक्यापाशी अडलो. टाकी भरणारच, असं शास्त्र सांगतं. मग आमची चाळीस वर्षांत का भरली नाही?

उत्तर दिवाळीनंतर मिळालं. मैला उपसणारी गाडी बोलावली. पाइप आत सोडून तासाभरात टाकी रिकामी झाली. गवंड्याने वरूनच बॅटरीचा झोत टाकला आणि लांब बांबू खाली टोचला. बांबू खट्ट करून थांबला नाही, रेतीत रुतला. टाकीला तळच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर रिकाम्या टाकीत खालून पाणी चढलेलं. पुतण्याने दोरी टाकून टाकीतलं पाणी मोजलं, मग तीच दोरी विहिरीत सोडली. दोन्ही पातळ्या जवळपास एकच. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. विहीर आणि टाकी ही दोन भांडी आहेत असं आम्ही समजत होतो. जमिनीखाली ती एकच होती.

गवंड्याला नवल वाटलं नाही. त्या काळी आमच्याकडे पुष्कळांनी अशाच टाक्या बांधल्या, असं तो म्हणाला. चार भिंती, वर स्लॅब आणि खाली उघडी रेती. पाणी जमिनीत जातं, टाकी भरत नाही, मालक खूश.

आमचं अंगण मी टेपने मोजलं. टाकीपासून विहीर साडेआठ मीटर. भारतीय मानक ब्यूरोची सेप्टिक टँकविषयीची संहिता सांगते की शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर दूर हवा. बिनतळाची टाकी म्हणजे शोषखड्डाच. मग विहिरीच्या पाण्याची चाचणी केली. ती अगदी सोपी असते. औषध घातलेल्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. दूषित असेल तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. आमची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काळी होती.

त्याच पाण्याने अम्मी पाच वेळा वुजू करते. त्याच पाण्यावर आम्ही भावंडं वाढलो. लहानपणी मला विषमज्वर झाला होता, बहिणीला कावीळ. ते याच पाण्याने झालं, असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांनी ते सांगता येत नाही. पण तो प्रश्न आता मनातून जातही नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात हा प्रश्न एका घराचा नाही. हा भाग विहिरींचा आणि बावखलांचा. खाली रेताड जमीन आणि हाताच्या अंतरावर पाणी. याच गोड्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलं पिकली. पण पाणी वर आहे याचाच दुसरा अर्थ असा की मैलापाणी गाळायला कोरड्या मातीचा थर पातळ आहे. पावसाळ्यात तर तो नाहीसाच होतो. जुलै २०१८ मध्ये वसई तालुका पुरात बुडाला, तेव्हा किती टाक्यांचं पाणी किती विहिरींत गेलं असेल, कोण मोजणार? २००९ साली इथे महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या. तरी वाड्यांमधली बरीच घरं अजून आपापल्या टाकीवरच चालतात.

मग प्रश्न उरला, दुरुस्ती की नवी टाकी? मला जे निकष कळले ते असे. संडास वर्षभर तुंबत असेल तर आधी पाइप आणि चेंबर पाहावं. पुष्कळदा दोष टाकीत नसतोच. टाकीला पक्का तळ आहे, भिंती शाबूत आहेत, ती विहिरीपासून लांब आहे आणि नुसती गाळाने भरली आहे, तर उपसून घेणं पुरे. बारीक तडे असतील, तर कोरड्या दिवसांत प्लास्टर चालतं. ते धरलं की नाही याची परीक्षाही सोपी आहे. टाकीत पाणी भरून खूण करावी आणि चोवीस तासांनी पाहावी. पण तळच नसेल, स्लॅबच्या सळया गंजून सुटल्या असतील किंवा विहीर जवळ असेल, तर प्लास्टर म्हणजे तापावर पावडर लावणं. आमच्यात हे तिन्ही दोष होते.

भावाची प्लास्टिकची टाकी वाईट नव्हती, पण आमच्या जमिनीत तिला एक धोका होता. भूजल वर आलं की हलकी, रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. खाली काँक्रीटचा थर टाकून तिला त्यात जखडावं लागतं आणि माती भरण्याआधी आत पाणी भरावं लागतं. म्हणूनच आमच्यासारख्या ठिकाणी भर पावसाळ्यात कोणतीही टाकी पूर्ण रिकामी करू नये. विटांची असली तरी बाहेरच्या पाण्याचा रेटा भिंती आत ढकलतो.

आकाराचा हिशेब माणसांवर असतो. पाच माणसांच्या घराला, दोन वर्षांनी उपसायची तर, दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर. म्हणजे साधारण अकराशे लिटर. दहा माणसांना दोन मीटर लांब आणि नव्वद सेंटिमीटर रुंद. आम्ही एरवी घरात चौघं, पण ईदला वीस होतो. म्हणून दहा माणसांची धरली. मध्ये भिंत घालून दोन कप्पे केले, तळ काँक्रीटचा केला आणि जागा वाडीच्या पलीकडच्या टोकाला, दोन्ही विहिरींपासून वीस मीटरच्या वर धरली. पाणी मुरवायला खोल खड्डा न खणता जमिनीच्या वर मातीचा उंचवटा करून त्यात चर घेतला. भूजल वर असेल तिथे हाच मार्ग त्या संहितेतही सांगितला आहे. जुना खड्डा उपसून, चुना टाकून, मातीने बुजवला.

‘दोन्ही विहिरी’ म्हणालो, कारण दुसरी शेजारच्या गुरुजींची. आमच्या घरचा शीरखुर्मा आणि त्यांच्या घरचा फराळ यांचं येणं-जाणं माझ्या जन्माआधीपासूनचं. बाटली काळी पडली त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. कसं सांगावं ते कळेना. सगळं ऐकून गुरुजी म्हणाले, "अरे, आमची टाकी तरी कुठे भरली कधी?" महिन्याभरात त्यांच्या अंगणातही बांबू रेतीत रुतला.

आता अब्बांविषयी. ते अडाणी नव्हते आणि निष्काळजी तर अजिबात नव्हते. टाकी उपसावी लागली नाही, याचा त्यांना अभिमान का होता, ते अम्मीने मला आत्ता सांगितलं. त्यांच्या लहानपणी त्यांनी टाकीत उतरणारा माणूस पाहिला होता. "माझ्या घराच्या घाणीत कुणाचं पोर उतरणार नाही," असं ते म्हणत. कोकणातच अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम स्वतः करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं. तीच सल अब्बांच्या मनात आपल्या परीने होती. त्यांनी माणसाला वाचवलं आणि नकळत भार पाण्यावर टाकला.

ती भीती आजही खोटी नाही. एप्रिल २०२४ मध्ये विरारमध्येच एका सांडपाणी प्रकल्पात उतरलेले चार कामगार गुदमरून मरण पावले. टाकीत मिथेन असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. या दुसऱ्या वायूचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. माणूस समजतो, हवा बरी झाली. एक कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी भरपाई तीस लाख रुपये केली. पण कायदा आपल्या फाटकापाशी येतो तेव्हा तो आपल्याच तोंडून बोलतो. "चारशे रुपये जास्त द्या, माणूस उतरवून तळ साफ करतो," असं कुणी म्हणालं तर ‘नको’ म्हणणारे आपणच असतो. गाडीचा पाइप पुरे. आणि गाडी भरून निघाली की मैला कुठे रिकामा करणार, हेही विचारावं. नाहीतर आपल्या विहिरीतून काढून दुसऱ्याच्या ओढ्यात टाकल्यासारखं होईल.

सातारा जिल्ह्यातल्या वाईसारख्या लहान शहराने २०१८ पासून दर तीन वर्षांनी टाक्या वेळापत्रकाने उपसायची आणि मैल्यावर प्रक्रिया करायची पद्धत सुरू केली. टाकी तुंबायची वाट न पाहता पाळी आली की गाडी येते. आपल्याकडे तसं होईल तेव्हा होवो. तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपणच तारीख लिहायची.

नव्या टाकीवरून एक पावसाळा गेला. विहीर उपसली, तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकली. पहिल्या महिन्यात बाटली पुन्हा काळीच आली. इतक्या वर्षांचं मुरलेलं एका महिन्यात जात नाही. पावसानंतरची बाटली मात्र तीन दिवस तशीच, पारदर्शक राहिली. तरी पिण्याचं पाणी आम्ही उकळूनच घेतो. एका बाटलीवर इतका विश्वास ठेवू नये.

आता पाहुणे आले की अम्मी त्यांना सांगते, "आमची टाकी तीन वर्षांनी भरते." पाहुणे जरा बुचकळ्यात पडतात. मग ती विहिरीकडे बोट दाखवते.