टिचकी मारण्यापूर्वी

आषाढाची झड लागली आणि मैदाने चिखलाने भरून गेली, म्हणजे मुलांचा मोर्चा आपोआप घराकडे वळतो. कपाटामागे उभा करून ठेवलेला कॅरमचा पट बाहेर निघतो, कोरड्या फडक्याने पुसला जातो, आणि चौघे भोवती बसले की पाचवा व सहावा आपली पाळी केव्हा येईल ह्याची वाट पाहत उभे राहतात. मुंबईच्या चाळींच्या व्हरांड्यांतून, गणेशोत्सव मंडळांच्या खोल्यांतून आणि गिरणगावातील क्रीडामंडळांतून हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला आहे. खेळणारे असंख्य, परंतु चांगले खेळणारे थोडे. असे का व्हावे?

पुष्कळांची समजूत अशी असते की, कॅरममध्ये जोर महत्त्वाचा. लहानपणी मीही ह्याच समजुतीचा होतो. खाडकन आवाज झाला आणि सोंगट्या चहूकडे उधळल्या, की मला पराक्रम केल्यासारखे वाटे. आमच्या चाळीत गिरणीतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांची टिचकी इतकी हलकी असे की, शेजारच्या खोलीत आवाज जात नसे. माझ्या चार सोंगट्या जाईपर्यंत त्यांच्या नऊ जाऊन डाव संपलेला असे. एकदा ते मला म्हणाले, "बाळ, तू पटाला मारतोस, सोंगटीला नव्हे."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ वजनाच्या हिशेबावरून कळतो. स्पर्धेतील सोंगटीचे वजन ५ ते ५.५ ग्रॅम असते, तर स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत असू शकतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. त्यामुळे समोरासमोर आघात झाला की सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाहूनही अधिक वेगाने सुटते. परंतु स्ट्रायकर तेथेच थांबत नाही. त्याचा सुमारे निम्मा वेग शिल्लक उरतो आणि तो सोंगटीच्या मागोमाग धावतो. टिचकी जोरदार असेल तर तो वाटेत नीट मांडलेल्या सोंगट्या विस्कटतो, किंवा स्वतःच भोकात जाऊन पडतो. मग दंड म्हणून आपली एक सोंगटी पटावर परत येते. तेव्हा सोंगटी भोकापर्यंत जाऊन अलगद पडेल, एवढाच जोर पुरेसा असतो.

आता नेमाकडे वळू. तो सोंगटीवर धरावा असे सर्वजण सांगतात. हे अर्धेच खरे आहे. भोकाच्या मध्यापासून सोंगटीच्या मध्यातून जाणारी एक सरळ रेषा मनात ओढा आणि ती सोंगटीच्या अलीकडे वाढवा. ह्या रेषेवर, सोंगटीला अगदी टेकून, स्ट्रायकर हाताने ठेवून पाहा. स्ट्रायकर जेथे बसला, नेमकी तीच जागा त्याने आघाताच्या क्षणी गाठली पाहिजे. कारण दोघांचे मध्य जोडणाऱ्या रेषेतच सोंगटी पुढे जाते. सोंगटीच्या मध्यापासून ही जागा सुमारे ३.६ सेंटिमीटरवर असते. म्हणून नेम धरावयाचा तो ह्या रिकाम्या जागेवर! सरावाच्या वेळी स्ट्रायकर असा ठेवून, ती जागा डोळ्यांत साठवून, मग तो उचलून आपल्या रेषांवर आणावा आणि टिचकी मारावी. आठ-पंधरा दिवसांत डोळा आपोआप ती जागा पाहू लागतो. सोंगटी बाजूने कापावयाची असेल, तर स्ट्रायकरचा थोडाच वेग तिला मिळतो. अशा वेळी जोर थोडा वाढवावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

चौकटीवर आपटून सोंगटी घेणे नवख्याला जादूसारखे वाटते, परंतु तेथेही भूमितीच असते. ज्या कोनाने स्ट्रायकर चौकटीकडे जातो, जवळजवळ त्याच कोनाने तो परत येतो. येथे दोन गोष्टींनी फसगत होते. एक म्हणजे, स्ट्रायकरचा मध्य चौकटीपर्यंत पोहोचतच नाही. तो दोन सेंटिमीटर अलीकडूनच वळतो. म्हणून कोन चौकटीवर न मोजता तिच्या अलीकडील एका कल्पित रेषेवर मोजावा. दुसरी गोष्ट अशी की, लाकूड थोडा वेग गिळून टाकते आणि परतीचा मार्ग चौकटीकडे किंचित झुकतो. किती झुकतो ते प्रत्येक पटावर निराळे. अनुभवी खेळाडू नव्या पटावर बसताच प्रथम दोन-चार टिचक्या चौकटीवर मारून पाहतो, त्याचे कारण हेच.

पावडरीविषयी एक शब्द. ती सोंगट्या सहज सरकाव्यात म्हणून असते, पटावर पीठ मळण्यासाठी नव्हे. चिमूटभर पावडर सर्वत्र सारखी पसरली की झाले. ढीग राहिला तर सोंगटी तेथे अडखळून वाट सोडते. ही पावडर बोरिक ॲसिडची असते, म्हणून खेळून झाल्यावर हात धुतल्यावाचून खाऊला शिवू नये. पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे पट जड होतो. क्रीडामंडळांतून पटाच्या वर बराच खाली झुकणारा दिवा टांगलेला असतो; त्यामुळे सावली पडत नाही आणि पटही कोरडा राहतो.

एवढे साधले म्हणजे हात तयार झाला. डोके तयार होण्यास अधिक वेळ लागतो.

समजा, तुमच्या पाच पांढऱ्या सोंगट्या पटावर आहेत. दोन भोकाच्या अगदी तोंडाशी, दोन मोकळ्या, आणि एक तुमच्याच रेषांच्या मागे, अवघड ठिकाणी. नवखा खेळाडू तोंडाशी असलेल्या दोन झटपट घालतो, टाळ्या घेतो, आणि अवघड सोंगटीपाशी येऊन अडतो. जाणता खेळाडू मात्र तोंडाशी असलेल्या सोंगट्यांना हात लावीत नाही. त्या कोठे जाणार आहेत? उलट, त्या तेथे असेपर्यंत त्या भोकाची वाट प्रतिस्पर्ध्याला बंद असते. शिवाय राणी घेतल्यावर लगेच आपली एक सोंगटी घालावी लागते, नाहीतर राणी परत पटावर येते. त्या वेळी हीच तोंडाशी ठेवलेली सोंगटी उपयोगी पडते. म्हणून तो आधी हात घालतो तो अवघड सोंगटीला. मोकळ्या सोंगटीला टिचकी मारतानाही स्ट्रायकर पुढे जाऊन त्या अडलेल्या सोंगटीला हलका धक्का देईल, असा मार्ग तो शोधतो.

राणीचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. वास्तविक तिचे गुण तीनच, आणि तेही डाव जिंकणाऱ्यालाच मिळतात. २५ गुणांच्या खेळात आपले २२ गुण झाले, की त्यापुढे राणीचे गुण धरले जात नाहीत. तरीही तिला विसरून चालत नाही. कारण राणी पटावर असताना आपली शेवटची सोंगटी घातली, तर हातातला डाव जातो.

आणि काहीच मारण्यासारखे नसेल तेव्हा? तेव्हाही टिचकी वाया घालवू नये. आपली एखादी सोंगटी भोकाजवळ सरकवावी, किंवा प्रतिस्पर्ध्याची सोंगटी त्याच्याच रेषांच्या मागे ढकलावी, म्हणजे ती काढताना त्याला सायास पडतील. अशा मुकाट्याने केलेल्या खेळीला कोणी टाळ्या देत नाही, परंतु पुष्कळ डाव तीच जिंकून देते.

थोर खेळाडूंच्या बाबतीत तर प्रतिस्पर्ध्याला पाळीच मिळत नाही. पहिल्याच पाळीत राणीसह आपल्या नऊही सोंगट्या घालण्याचा पराक्रम ते करतात. चेन्नईचे मरिया इरुदयम नऊ वेळा राष्ट्रीय विजेते आणि दोनदा जगज्जेते झाले. १९९६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मुंबईच्या प्रशांत मोरे ह्यांनी २०१६ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जगज्जेतेपद मिळविले. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या विश्वचषक स्पर्धेत चेन्नईच्या एका रिक्षाचालकाच्या मुलीने, काझिमाने, तीन सुवर्णपदके जिंकली.

आमच्या चाळीतील गणेशोत्सवाची स्पर्धा ह्या मानाने अगदीच लहान. तरीही तिच्या अंतिम सामन्याच्या आठवणीने मला आजही चुटपुट लागते. राणी माझ्याकडे होती. माझी एकच सोंगटी उरली होती, तीही भोकाच्या सरळ रेषेत. समोरच्या मुलाच्या दोन काळ्या बाकी होत्या. जिना लोकांनी भरला होता. मी श्वास रोखला आणि सर्व जोर लावून टिचकी मारली. सोंगटी गेली, आणि तिच्या पाठोपाठ स्ट्रायकरही गेला. चाळीच्या नियमाप्रमाणे दोन सोंगट्या परत आल्या, पाळी गेली, आणि त्या मुलाने दोन टिचक्यांत सामना संपविला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी मला बोलावले. पट मांडलेला होता. त्यावर एकच पांढरी सोंगटी, कालच्याच जागी. "हं, मार," ते म्हणाले. मी मारली. स्ट्रायकर पुन्हा भोकात! त्यांनी काही न बोलता सोंगटी उचलून परत तेथेच ठेवली. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. दिवेलागणीच्या सुमारास एकदा सोंगटी अलगद पडली आणि स्ट्रायकर भोकापासून चार बोटांवर थांबला. आबांनी सोंगटी बाहेर काढली आणि पुन्हा त्याच जागी ठेवली.